गोष्ट कोण सांगतंय? निवेदनाच्या दृष्टिकोनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, बीड, लातूर, नांदेडकडच्या वाचनकट्ट्यांवर आणि कथालेखनाच्या कार्यशाळांत हे प्रश्न हटकून येतात. उत्तरं एकाच माणसाची आहेत, त्यामुळे काही ठिकाणी मत जरा ठाम वाटेल. पटलं नाही तर भांडायला मोकळीक आहे.

निवेदनाचा दृष्टिकोन म्हणजे नेमकं काय?

गोष्ट कुणाच्या तोंडून ऐकू येते आणि कुणाच्या डोळ्यांनी दिसते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी 1972 मध्ये ही फोड नीट करून दिली. आपल्या गाईडांत मात्र 'प्रथमपुरुषी' आणि 'तृतीयपुरुषी' म्हटलं की विषय संपतो, पाच मार्क पक्के.

'तो' वापरूनही अख्खी कथा एकाच माणसाच्या डोक्यात बसून सांगता येते. उलट व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (1955) तरुण मास्तर पानोपानी 'मी' म्हणतो, पण ती कादंबरी त्याची नाही, गावाची आहे. तेव्हा सर्वनामावर फार अडून बसू नका. वाचकाला काय कळतं, कधी कळतं आणि काय शेवटपर्यंत कळू दिलं जात नाही, सगळा खेळ तिथं आहे.

एकच प्रसंग वेगळ्या नजरेतून सांगितला तर खरंच एवढा फरक पडतो?

करूनच पाहू. दिवाळीच्या तोंडावरचा मोंढा. म्हादबा सोयाबीन घेऊन आडतीवर आलाय, सोबत अकरावीतली मुलगी. आडत्या मूठभर दाणे मॉइश्चरच्या मशीनमध्ये टाकतो. बारापर्यंत ओल चालते. मशीन दाखवतं चौदा. म्हणजे भाव तुटणार.

सगळं जाणणारा निवेदक असा सांगेल: "म्हादबाला वाटत होतं, माल खडखडीत वाळलाय. शेटजीला ठाऊक होतं की मशीन आठवडाभरापासून दोन आकडे जास्त दाखवतंय. दोघंही काही बोलले नाहीत." इथं वाचकाला दोघांपेक्षा जास्त कळलं. राग पहिल्याच परिच्छेदात आला, आणि पुढची सगळी कथा तो एकाच गोष्टीची वाट बघत वाचणार: म्हादबाला हे कधी कळतं?

आता मुलगी सांगतेय: "बाबांनी एक दाणा दाढेखाली धरला. कट्कन फुटला. 'ऐका की आवाज,' ते म्हणाले. शेटजी हसले. मी मशीनवरचा आकडा वाचला. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी दुसरीकडं पाहिलं." मशीन बिघडलंय हे तिला माहीत नाही, म्हणून वाचकालाही नाही. राग गायब. त्या जागी एक वेगळीच लाज आली: शिकलेल्या मुलीनं बापाच्या दाढेपेक्षा मशीनवर विश्वास ठेवल्याची. ही लाज पहिल्या आवृत्तीत कुठंच नव्हती.

आडत्याच्या तोंडून: "म्हादबाचं-आमचं तीन पिढ्यांचं. त्याच्या बहिणीच्या लग्नाला उचल माझ्या वडिलांनी दिलेली. आता चौदा म्हणजे चौदा, मशीनला काय कुणाची ओळख असते? मी दोन चहा सांगितले. पोरीसाठी बिस्किटपुडा." बिघाडाचा शब्द नाही. पण न मागता एवढा खुलासा, आणि वर बिस्किटपुडा? वाचक सावध होतो. इथं त्याला कुणी काही सांगितलेलं नाही, त्यानं स्वतः पकडलंय. ते पकडण्याचं सुख वेगळंच असतं, आणि त्यात थोडं अपराधीपणही असतं, कारण मधली दोन वाक्यं वाचताना शेटजी आपल्याला बरा माणूस वाटला होता.

आणि 'तो' ठेवूनच म्हादबाच्या आत शिरलं तर: "चौदा. तीन ऊन दिली होती की. चौदा कसं येईल? पण विचारावं तर शेटजी म्हणणार, दुसरीकडं दाखवा. दुसरीकडं म्हणजे परत गाडीभाडं, परत हमाली. शनिवारी फी भरायचीय." 'असं त्याला वाटलं' हे कुठंही नाही, तरी शब्द म्हादबाचे आहेत हे कळतं. मराठी समीक्षेत याला मुक्त-अप्रत्यक्ष निवेदन वगैरे म्हणतात. नाव सोडा, काम बघा: निवेदक दिसेनासा झाला आणि माणूस तसाच उरला. हे तंत्र हुकमी वापरणाऱ्या फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरवर 1857 मध्ये पॅरिसला 'मादाम बोव्हारी'वरून खटला भरला गेला, तेव्हा पुस्तकात नवऱ्याला फसवणाऱ्या नायिकेला दोष देणारं कुणीच नाही, अशीही सरकारी वकिलाची तक्रार होती. फ्लोबेर सुटला. पण तक्रार समजण्यासारखी आहे. न्यायनिवाडा करायला लेखक हजर नसला की तो वाचकावर येतो, आणि तो सगळ्यांनाच सोसतो असं नाही.

यातली मला सगळ्यात आवडते ती आडत्याची आवृत्ती. कार्यशाळेत मात्र दहातली नऊ मंडळी मुलीची निवडतात.

'मी' म्हणजे लेखकच ना?

नाही. आणि हा प्रश्न मराठवाड्यातल्या वाचकानं विचारावा याचं जरा नवल वाटतं. पैठणच्या एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी भारुडांत काय केलं? जोशी होऊन भविष्य सांगितलं, गोंधळी होऊन गोंधळ घातला, विंचू चावलेल्या माणसाच्या तोंडून ओरडले, सासुरवाशिणीच्या तोंडून भवानीला नवस बोलले. ऐकणाऱ्यांपैकी कुणी नाथांच्या घरी जाऊन "विंचू कुठं चावला?" असं विचारलं असेल असं वाटत नाही. कादंबरी आली आणि आपण एकदम भोळे झालो. स्थानिक लेखकाच्या पुस्तकावर कार्यक्रम ठेवा, तिसरा प्रश्न "सर, हे तुमच्याच घरातलं ना?" हाच असतो.

हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' 1890 पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली, ती यमू नावाच्या मुलीच्या तोंडून. लिहिणारा पुरुष, बोलणारी बाई, आणि वाचकानं ते मान्य केलं. आत्मकथनातसुद्धा गोष्ट सरळ नसते. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो. माणूस एकच, पण सांगणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा. शिकून पांढरपेशा झालेल्या माणसाला आपलंच बालपण परक्यासारखं ऐकावं लागतं, हे या रचनेनं एकही शब्द न समजावता पोचवलंय.

'मी'त लिहिलं की वाचक जास्त जवळ येतो, हे खरं?

अर्धंच. 'मी'मध्ये दोन माणसं असतात, ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो आणि वीस वर्षांनी सांगायला बसलेला. सांगणारा शहाणपण पाजळू लागला की वाचक लांब जातो. "तेव्हा मला काय ठाऊक होतं की..." हे वाक्य एका कथेत एकदा खपतं.

शिवाय 'मी' भूतकाळात बोलतोय म्हणजे तो वाचलाय, हे वाचक पहिल्या पानावरच गृहीत धरतो. धोक्याच्या प्रसंगात ती हवा निघून जाते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (1967) कर्ण स्वतः बोलतो, पण शेवटचा भाग श्रीकृष्णाच्या तोंडी आहे. स्वतःच्या मरणापुढचं कर्ण सांगणार कसा?

मराठीत लिहिताना दृष्टिकोनाच्या काही खास अडचणी आहेत का?

आहेत, आणि फायदेही आहेत. परभाषेतली लेखनाची पुस्तकं वाचून आलेल्यांच्या हे लक्षात येत नाही.

पहिली गोष्ट लिंगाची. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हटलं की निवेदक बाई की पुरुष, हे उघड. पण 'मी पाहिलं', 'मी दार लावलं', 'मी उद्या येईन' यातून काहीच कळत नाही. निवेदक कोण हे दोन पानं झाकून ठेवायचं असेल तर मराठीत क्रियापदं निवडून वापरावी लागतात. अवघड आहे, अशक्य नाही.

दुसरी 'आम्ही' आणि 'आपण'. गावाच्या तोंडून कथा सांगायचीय असं समजा. "आम्ही त्याला वाळीत टाकलं" म्हटलं की वाचक बाहेर उभा राहून गावाकडं बघतो. "आपण त्याला वाळीत टाकलं" म्हटलं की वाचकही त्यात सामील. एका शब्दात त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात आणता येतं.

तिसरी, मान. 'म्हाद्या आला', 'म्हादबा आला', 'म्हादबा आले', 'आबा आले' ही चार वाक्यं चार वेगळ्या माणसांची आहेत. कथा तृतीयपुरुषी असली तरी निवेदक कुणाला अरेतुरे करतो आणि कुणाला अहोजाहो, यावरून तो कुठं उभा आहे ते कळतं. जुन्या ग्रामीण कथांत पाटील 'आले' आणि गडी 'आला' असं सर्रास असतं, तेही दोघांची वयं सारखी असताना. लेखकाला ते जाणवलेलंही नसतं. वाचताना हे एकदा टिपायला लागलात की सवय सुटत नाही.

आणि चौथं, 'म्हणे'. "रात्री वाड्यावर जीप आली म्हणे." एवढ्यानं निवेदक साक्षीदाराचा ऐकीव माहिती सांगणारा झाला, आणि जबाबदारी झटकून मोकळाही झाला. पारावरची गोष्ट लिहायची असेल तर हा शब्द सोन्याचा आहे.

निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, असंच लिहायचं असतं ना?

असा नियम कुठंही नाही, पडलेला पायंडा आहे. त्यानं काय होतं ते बघा. निवेदक माळवदावर बसून शुद्ध मराठीत वर्णन करतोय आणि खाली अंगणात माणसं "काहून आलते?" म्हणत बोलतायत. वाचक आपोआप माळवदावर जाऊन बसतो. त्याला खालच्यांची कीव येते, कौतुक वाटतं, कधी हसूही येतं, पण तो त्यांच्यातला होत नाही. लेखक त्याच गावचा असला तरी त्यात फरक पडत नाही. भाषेनं त्याला वर नेऊन बसवलेलं असतं.

रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'नं (1971) हे माळवदच काढून टाकलं. गावातल्या शिंप्याची बायको पारबती सगळी कहाणी सांगते, आणि सगळी तिच्या बोलीत. तिच्या डोक्यावरून बघणारा दुसरा कुणीच नाही. नवऱ्याचा धंदा का बसतोय, गावात कोण कुणाच्या बाजूनं आहे, यावर शहाणपणाचं भाष्य करायला निवेदक नाही. जे तिला कळतं तेवढंच आपल्याला कळतं, आणि जे तिच्या हातात नाही ते आपल्याही हातात राहत नाही. लातूरकडच्या वाचकाला पहिल्या पानापासून घरचं वाटतं. पुण्याच्या वाचकाला सुरुवातीला अडखळायला होतं, मग कान बसतो. ते अडखळणं मला अडचण वाटत नाही. एरवी प्रमाण भाषेतलं पुस्तक उघडल्यावर मराठवाड्यातल्या पोराला जे होतं, तेच एकदा दुसऱ्या बाजूला होऊ द्या.

मात्र सगळंच बोलीत लिहावं असं नाही. तहसीलमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला निवेदक ठेवला तर तो घरी एक आणि कागदावर दुसरी भाषा वापरणारच. त्या दोन भाषांच्या मधे तो जिथं अडकतो, तिथंच कथा असते.

दुष्काळावरच्या, ऊसतोडीवरच्या कथा सारख्याच का वाटतात?

कारण त्यातल्या बऱ्याच पाहुण्याच्या नजरेनं लिहिलेल्या असतात. पत्रकार येतो, नवा अधिकारी येतो, शहरातला भाचा येतो. भेगाळलेली जमीन बघतो, म्हातारीच्या सुरकुत्या बघतो, गलबलून परत जातो.

आतला माणूस भेगा बघत बसत नाही. टँकर सरपंचाच्या गल्लीत आधी जातो की आपल्या, ते बघतो. हंड्यात तळाला राहिलेलं गढूळ पाणी भांड्याला वापरायचं की म्हशीला, याचा हिशोब त्याच्या डोक्यात असतो. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि मुकादमाची उचल त्या जोडीवर असते. ही गोष्ट बाहेरचा निवेदक माहिती म्हणून परिच्छेदभर सांगतो. तिथलीच बाई सांगत असेल तर ती 'कोयता म्हणजे काय' हे समजावणारच नाही. ती एवढंच म्हणेल की यंदा अंगात ताप असताना निघावं लागलं, कारण एकट्याचा कोयता होत नाही. वाचकाला अर्थ तिथंच लागतो, आणि चांगला लागतो.

म्हणून ओळखीची एक खूण: निवेदक त्या जगातल्या माणसाला रोज दिसणाऱ्या गोष्टी समजावून सांगायला लागला की समजा, नजर बाहेरची आहे.

पुरुषानं बाईच्या, किंवा एका जातीच्या लेखकानं दुसऱ्या जातीच्या माणसाच्या 'मी'त लिहावं का?

लिहू नये असं म्हणणाऱ्यांना 'पाचोळा'ही बाद करावी लागेल. पण परवाना मिळाला म्हणून परीक्षा टळत नाही. त्या माणसाला खोलीत शिरल्यावर आधी काय दिसतं, तिथं लेखक पकडला जातो. सून म्हणून नव्या घरात आलेली बाई आरशात स्वतःचं रूप न्याहाळत कथा सुरू करत असेल, तर तो पुरुष बोलतोय. तिला आधी दिसणार ते पाण्याचा माठ, चूल आणि सासूची बसायची जागा. आणि जातीच्या बाबतीत, दुसऱ्याचं दुःख 'मी' म्हणून मिरवताना त्याचा राग मात्र गाळून टाकणारे लेखक मला सगळ्यात अप्रामाणिक वाटतात.

सर्वज्ञ निवेदक आता जुनाट झाला का?

फॅशनमधून गेलाय. कामातून नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचं, भूकंपाचं किल्लारी घ्या. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले. 'मी'ला फक्त त्याच्यावर पडलेली भिंत ठाऊक. पण झोपलेलं अख्खं गाव एका परिच्छेदात धरायचं, प्रत्येक घरात उद्यासाठी काय काय ठरलंय ते सांगायचं, आणि पुढं काय होणार हे वाचकाला आधीच माहीत असताना सांगायचं, तर सगळी छपरं उचलून बघणारा निवेदकच लागतो. रझाकारांच्या काळावरची मोठी कादंबरी लिहिणाऱ्यालाही तो लागेल.

त्याचा दोष एकच: तोंड आवरत नाही. कीर्तनकारासारखं मधेच थांबून तात्पर्य सांगायची खोड त्याला फार.

खोटं बोलणारा निवेदक ओळखायचा कसा?

'अविश्वसनीय निवेदक' ही कल्पना वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं 1961 मध्ये मांडली. असा निवेदक दर वेळी लबाडच असतो असं नाही. कधी लहान मूल असतं, कधी स्वतःचीच समजूत काढणारा बाप. न विचारता दिलेला खुलासा, "खरं सांगतो"ची वारंवारता, आणि बाकीची पात्रं त्याच्याशी ज्या पद्धतीनं वागतात ते, यावर लक्ष ठेवा. तो म्हणतो गावात आपल्याला फार मान आहे, आणि हॉटेलात शिरला की बाक रिकामा होतो.

एका कादंबरीत अनेक निवेदक असले तर गोंधळ होत नाही का?

ते कशासाठी ठेवलेत यावर आहे. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं बोलतात. एकानं सोडलेली जागा दुसरा भरतो, आणि वाचक मनातल्या मनात वकिली करतो: आता देवयानीचं ऐकलं, तर ती तितकी वाईट नाही. जपानी लेखक अकुतागावाच्या 1922 सालच्या एका कथेत मात्र खुनाच्या जबान्या एकमेकींना छेद देतात आणि निकाल लागतच नाही. कुरोसावाचा 'राशोमोन' (1950) मुख्यतः त्याच कथेवर उभा आहे.

आपल्याकडे याची ओळख फार जुनी आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडं जाऊन जमवल्या. 'लीळाचरित्रा'त एकाच प्रसंगाच्या वेगळ्या आठवणी 'वासना' म्हणून शेजारी नोंदवलेल्या सापडतात. ती कल्पित कथा नाही, मान्य. पण दोन साक्षीदारांचं जुळत नसेल तर दोघांचंही ठेवायचं, ही समज आज भल्याभल्या कादंबरीकारांकडं नसते.

'तू' वापरून कथा लिहिता येते?

येते. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये तनय निघून गेलेल्या माणसाशी 'तू' म्हणून बोलतो, आणि वाचकाला दुसऱ्याचं पत्र चोरून वाचल्यासारखं होतं. उगाच नवीन काहीतरी म्हणून केलं तर चार पानांत कंटाळा.

मधेच दृष्टिकोन बदलला तर चूक धरतात का?

परीक्षक धरतात. वाचकाला खटकलं तरच ती चूक. एका परिच्छेदात सासूच्या मनातलं आणि पुढच्याच ओळीत सुनेच्या मनातलं सांगितलं की वाचकाला धड कुणाची बाजू घेता येत नाही. जागा सोडा, प्रकरण बदला.

सुरुवात कुठून करू? फार वाचन नाही माझं.

'पाचोळा'पासून. लहान आहे, दोन बैठकांत होतं, आणि शक्यतो मोठ्यानं वाचा. त्यानंतर परभणीकडच्या आसाराम लोमटे यांचा 'आलोक' हा कथासंग्रह, ज्याला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रत्येक कथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा, बघतंय कोण, आणि कथा संपल्यावर ते बरोबर होतं का ते तपासा. मग 'ययाति'. 'मृत्युंजय' जाडजूड आहे, ती सुट्टीसाठी राहू द्या. ही पुस्तकं जिल्हा ग्रंथालयात मागून बघा. 'पाचोळा' कपाटात दिसली नाही तर ग्रंथपालांना विचारा, ती बहुतेक वेळा कुणीतरी नेलेली असते.